लोहाराच्या भट्टीवर स्वतःची सायकल जोडणारा गडी : यूजेन क्रिस्तोफची गोष्ट

विशेष लेख | खेळ आणि माणसं

सायकलवर निघालो आणि वाटेत चेन उतरली, तर आपण काय करतो? काडी घेतो, चेन चढवतो, हात मातीला पुसतो आणि पुढे जातो. पंक्चर झालं तर ढकलत जवळच्या दुकानापर्यंत नेतो. पण पुढचा चिमटाच तुटला तर? चिमटा म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा फोर्क. तो गेला की सायकल नुसतं लोखंडाचं ओझं. मग ती खांद्यावर घ्यायची आणि चालायला लागायचं.

फ्रान्समधल्या एका माणसावर ही वेळ आली. तीही जगातल्या सगळ्यात मोठ्या सायकल शर्यतीत, आणि एकदा नाही, तीन वेळा. त्याचं नाव यूजेन क्रिस्तोफ. टूर द फ्रान्स ही शर्यत तो आयुष्यात कधीच जिंकला नाही. तरी शंभर वर्षं उलटून गेल्यावरही डोंगरातल्या एका छोट्या गावात त्याच्या नावाचा फलक आहे. हे असं का झालं, त्याचीच ही गोष्ट.

कुलपं बनवणारा पोरगा

क्रिस्तोफचा जन्म २२ जानेवारी १८८५ चा. गाव मालाकोफ, पॅरिस शहराला अगदी लागून. घरची काही जहागिरी नव्हती. लहान वयातच तो कुलपं-चाव्या बनवण्याचं काम शिकला. त्या काळी हे काम म्हणजे लोखंड कापायचं, घासायचं, ठोकायचं, जोडायचं. हातात आलेली ही कला पुढे भर शर्यतीत आपल्या उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा त्याला कुठून कळणार?

१९०४ पासून तो पैसे घेऊन शर्यतीत उतरायला लागला, म्हणजे सायकल हाच त्याचा धंदा झाला. त्या वेळी युरोपात सायकल नवी होती आणि लोक शर्यतीवर जीव टाकायचे. सायकल बनवणाऱ्या कंपन्या आपापले संघ ठेवायच्या. आपल्या सायकलवर कोणी शर्यत जिंकली की दुकानात गिऱ्हाईक वाढायचं, असा सरळ हिशेब होता. क्रिस्तोफच्या मिशा मोठ्या आणि झुपकेदार होत्या. त्यामुळे लोक त्याला म्हातारा गॉल म्हणायचे. गॉल म्हणजे फ्रान्समधले फार जुने रहिवासी.

रस्त्यावरच्या शर्यतीबरोबर तो शेतातल्या शर्यतीतही उतरायचा. चिखल, चर, कुंपण मध्ये आलं की सायकल खांद्यावर टाकून पळायचं, आणि पलीकडे गेलं की पुन्हा स्वार व्हायचं. या प्रकारात १९०९ ते १९१४ अशी सलग सहा वर्षं तो फ्रान्सचा विजेता होता. सायकल खांद्यावर घ्यायची सवय त्याला तिथूनच लागली.

बर्फातली शर्यत

१९१० साली त्यानं इटलीतली मिलान ते सान रेमो ही शर्यत जिंकली. अंतर जवळपास २९० किलोमीटर. एप्रिल महिना होता, पण हवा भयंकर होती. वाटेत तुर्किनो नावाचा घाट लागतो. त्या घाटात बर्फ पडायला लागला. चाकं रुतायला लागली, बोटं वळेनात, पोटात गोळे यायला लागले. क्रिस्तोफ शेवटी रस्त्याच्या कडेला बसला. तिथल्या एका माणसानं त्याला आधार देऊन घरात नेलं, ओले कपडे काढून पांघरूण दिलं. अंगात थोडी ऊब आली तसा हा गडी पुन्हा उठला. थांबवणाऱ्यांचं न ऐकता तो बाहेर पडला आणि सायकलवर बसला.

सुमारे साडेबारा तासांनी तो सान रेमोला पोहोचला. मागून येणारा दुसरा माणूस तासाभरानं आला. साठच्या वर लोक निघाले होते, शेवटपर्यंत पोहोचले ते बोटांवर मोजण्याइतके. पण या विजयाची किंमतही त्यानं मोजली. महिनाभर दवाखान्यात काढावा लागला आणि पहिल्यासारखी तब्येत व्हायला दोन वर्षं लागली.

टूर द फ्रान्सचे नियम

आता थोडं त्या मोठ्या शर्यतीबद्दल. टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली. ल'ऑटो नावाच्या वर्तमानपत्रानं आपला खप वाढवण्यासाठी ती काढली. सगळी सूत्रं संपादक आँरी देग्रांज यांच्या हातात होती. माणूस फार कडक. खरा सायकलपटू तोच, जो स्वतःच्या ताकदीवर आणि स्वतःच्या हातानं सगळं करतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

म्हणून नियमही तसेच होते. वाटेत सायकल बिघडली तर दुरुस्ती स्वतः करायची. दुसऱ्याचा हात लागला की दंड. सायकल बदलायची नाही. सुटे टायर खांद्याभोवती गुंडाळून न्यायचे. रस्ते मातीचे आणि दगडधोंड्यांचे. आजच्यासारखे गिअर नव्हते. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्री असायची. चढ आला की खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि परत निघायचं. एकेक टप्पा तीनशे-चारशे किलोमीटरचा. लोक मध्यरात्री नाहीतर पहाटे अंधारात निघायचे.

१९१२ साली क्रिस्तोफ इथे जोरात होता. त्यानं लागोपाठ तीन टप्पे जिंकले. त्यातल्या शामोनी ते ग्रनोब्ल या टप्प्यात तर तीनशे किलोमीटरच्या वर तो एकटाच पुढे होता. पण त्या वेळी निकाल वेळेवर लागत नव्हता, गुणांवर लागायचा. तुम्ही दुसऱ्याला अर्ध्या तासानं हरवा नाहीतर एका चाकानं, गुणांचा फरक तोच. त्यामुळे बेल्जियमचा ओदिल देफ्राय पहिला आला आणि क्रिस्तोफ दुसरा. पुढच्या वर्षीपासून संयोजकांनी गुण बंद करून वेळेचा हिशेब सुरू केला. आता क्रिस्तोफचं वर्ष आलं, असं त्याच्या चाहत्यांना वाटायला लागलं.

९ जुलै १९१३ : तूर्मालेचा उतार

त्या दिवशीचा टप्पा बायोन ते लुशोन असा ३२६ किलोमीटरचा. वाटेत पिरेनीज पर्वतातले एकाहून एक अवघड घाट. त्यातला तूर्माले घाट समुद्रसपाटीपासून २११५ मीटर उंच. एकूण हिशेबात देफ्राय पहिला होता आणि क्रिस्तोफ त्याच्या मागे फक्त पाचेक मिनिटांनी दुसरा. त्यातच देफ्राय त्या दिवशी फार मागे पडला आणि शर्यत सोडून गेला. म्हणजे तूर्माले ओलांडताना क्रिस्तोफ एकूण शर्यतीतच सगळ्यांच्या पुढे आला होता.

घाटमाथा ओलांडून तो उताराला लागला. थोड्याच वेळात हँडलचा तोल काहीतरी चुकतोय असं त्याला जाणवलं. थांबून बघतो तर पुढचा चिमटा तुटलेला. आसपास घर नाही, दुकान नाही. मागून येणारे एकेक जण त्याच्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेले.

त्यानं सायकल खांद्यावर टाकली, सुटं झालेलं चाक हातात घेतलं आणि चालायला लागला. दहा-बारा किलोमीटरचा उतार होता तो. पायवाटांनी, कधी धावत, कधी चालत. रागानं आणि दुःखानं त्याला रडू येत होतं, हे त्यानं पुढे स्वतःच सांगितलं आहे. दोनेक तासांनी तो खाली सेंत-मारी-द-कांपां या छोट्या गावात पोहोचला. लोहार कुठे आहे म्हणून विचारलं. गावातल्या एका मुलीनं त्याला भट्टीपर्यंत नेलं.

भट्टी, ऐरण आणि पंच

लोहाराचं नाव लकाँत. भला माणूस होता, लगेच मदतीला तयार झाला. पण तोवर शर्यतीचे अधिकारी तिथे येऊन उभे राहिले होते. बाकी कंपन्यांच्या संघांची माणसंही लक्ष ठेवायला आली. लोहारानं हातोडा उचलला तर क्रिस्तोफला दंड होणार, हे ठरलेलं. मग लकाँत नुसता बाजूला उभा राहून काय कसं करायचं ते तोंडानं सांगायला लागला, आणि काम क्रिस्तोफनं केलं.

ज्यांनी गावातल्या लोहाराला काम करताना बघितलं असेल त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. भट्टीत लोखंड लाल करायचं, ऐरणीवर धरायचं, ठोकायचं, परत निखाऱ्यात घालायचं. नळीचा तुकडा घ्यायचा, तो तुटलेल्या जागी बसवायचा आणि सांधा पक्का करायचा. लहानपणी शिकलेलं कुलपांचं काम इथे कामी आलं. पण यात एक अडचण होती. एका हातात तापलेलं लोखंड, दुसऱ्या हातात हातोडा, मग भाता कोण ओढणार? दोन हातांच्या माणसाला हे एकट्यानं जमणं शक्यच नव्हतं. शेवटी दुकानातल्या एका पोरानं भाता ओढला.

काम तीनेक तास चाललं. असं सांगतात, की उभे राहून कंटाळलेल्या अधिकाऱ्यांपैकी एकाला भूक लागली आणि तो काही खायला जायचं म्हणू लागला. तेव्हा क्रिस्तोफनं त्याला भट्टीतला कोळसा खायला सांगितलं. मी इथे तुमचा कैदी आहे, तर तुम्हीही शेवटपर्यंत पहाऱ्यावर थांबा, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता.

चिमटा जोडला गेला. क्रिस्तोफनं चाक बसवलं आणि निघाला. अजून आस्पँ आणि पेरसूर्द असे दोन घाट बाकी होते, आणि खाली होता हातानं जोडलेला चिमटा. घाट उतरताना तो सांधा सुटला असता तर जीवावर बेतलं असतं. तरी तो लुशोनला पोहोचला. टप्पा जिंकणाऱ्या फिलिप थिसच्या मागे जवळपास चार तासांनी.

आणि तिथे त्याला कळलं, की भाता ओढणाऱ्या पोराची मदत घेतली म्हणून त्याच्या वेळेत आणखी १० मिनिटं दंड वाढवला आहे! पुढे हा दंड कमी करून ३ मिनिटं केला, असं सांगतात. पण चार तास गेलेल्या माणसाला १० काय आणि ३ काय.

तोच नियम, वेगळा हिशेब

या गोष्टीची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. त्या वर्षी टूर जिंकली थिसनं. तो क्रिस्तोफच्याच कंपनीच्या संघातला. शर्यत संपत आली असताना शेवटून दुसऱ्या टप्प्यात थिस पडला आणि त्याची सायकल मोडली. त्यानं सायकल दुकानात मदत घेतली. त्यालाही १० मिनिटांचा दंड झाला. तो दंड सोसूनही थिस साडेआठ मिनिटांच्या फरकानं पहिला आला.

म्हणजे एकानं मदत घेतली आणि १० मिनिटं भरली. दुसऱ्यानं तीन तास घाम गाळून स्वतः काम केलं, तरी त्यालाही सुरुवातीला तेवढाच दंड. मग क्रिस्तोफनंही सरळ लोहाराकडून काम करून घेऊन दंड भरायला हवा होता का? आज घरी बसून आपण हो म्हणू. पण दंड किती होईल हे त्याला आधी कोण सांगणार होतं? त्याला शर्यतीतून बाहेरही काढलं असतं. समोर पंच उभे होते आणि हातात काम होतं. त्यानं काम केलं.

शर्यत त्यानं सोडली नाही. पॅरिसपर्यंत गेला आणि सातवा आला.

पिवळा सदरा

१९१४ ची टूर २८ जूनला सुरू झाली. त्याच दिवशी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि महिन्याभरात महायुद्ध पेटलं. शर्यती बंद पडल्या, सायकलपटू फौजेत गेले. क्रिस्तोफही गेला. टूर जिंकलेले तीन जण, फाबेर, लापीझ आणि पती-ब्रतों, या युद्धात गेले. क्रिस्तोफ परत आला, पण वयाची उमेदीची चार-पाच वर्षं तिथेच गेली.

१९१९ मध्ये टूर पुन्हा सुरू झाली तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. देशाची अवस्था वाईट, रस्ते तोफांनी उखडलेले, टायर मिळायची मारामार. ६७ जण निघाले आणि पॅरिसला डझनभरही पोहोचले नाहीत. टूरच्या इतिहासातली ती सगळ्यात संथ शर्यत ठरली.

या शर्यतीत क्रिस्तोफ पुढे होता. बहुतेकांच्या अंगात सारखेच करडे सदरे असल्यामुळे पुढचा माणूस कोण हे बघणाऱ्यांना कळत नव्हतं. म्हणून देग्रांज यांनी पुढे असणाऱ्याला पिवळा सदरा द्यायचं ठरवलं. ल'ऑटो पिवळ्या कागदावर छापलं जायचं, त्यावरून हा रंग आला असं मानतात. १९ जुलै १९१९ ला ग्रनोब्ल इथून निघताना तो सदरा पहिल्यांदा क्रिस्तोफच्या अंगावर चढला. वाटेत लोक त्याला पिवळ्या पाखरावरून चिडवत होते आणि त्याला ते आवडत नव्हतं. आज त्याच सदऱ्यासाठी जगभरातले सायकलपटू धडपडतात. तो घालणारा पहिला माणूस आपला हा कुलूपवाला.

पुन्हा तोच चिमटा

शेवटचे दोन टप्पे उरले होते. दुसऱ्या क्रमांकावरचा फिर्मँ लांबो २८ मिनिटं मागे होता. शेवटून दुसरा टप्पा मेत्झ ते डंकर्क, ४६८ किलोमीटरचा. व्हालेन्सिएन शहराजवळच्या दगडी रस्त्यावर क्रिस्तोफचा चिमटा पुन्हा तुटला.

या वेळी डोंगर नव्हता. जवळच सायकलचा कारखाना सापडला. पण नियम तेच होते. पुन्हा स्वतःच्या हातानं काम, पुन्हा तासाहून जास्त वेळ. हातातली शर्यत गेली. शेवटच्या टप्प्यात टायरही सारखे पंक्चर होत राहिले. लांबो पहिला आला आणि क्रिस्तोफ तिसरा.

इथे एक वेगळी गोष्ट घडली. फ्रान्समधल्या सामान्य लोकांना हे सहन झालं नाही. ल'ऑटोकडे वर्गणी यायला लागली. कोणी दोन-चार फ्रँक पाठवले, कोणी शेकड्यांनी. देणाऱ्यांच्या याद्या पेपरात छापून यायला लागल्या. युद्धानं पिचलेले लोक होते हे, पण सगळे मिळून १३,३१० फ्रँक जमले. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाचं बक्षीस होतं ५००० फ्रँक. नियमानं त्याला जे दिलं नाही, ते लोकांनी आपल्या खिशातून दिलं.

तिसऱ्यांदा, आणि शेवट

क्रिस्तोफ थांबला नाही. १९२० साली त्यानं बोर्दो ते पॅरिस आणि पॅरिस ते तूर या मोठ्या शर्यती जिंकल्या. १९२१ मध्ये बोर्दो-पॅरिस पुन्हा जिंकली. १९२२ च्या टूरमध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यानं तीन दिवस पिवळा सदरा घातला. इतक्या वयाचा माणूस त्यानंतर तो सदरा घालू शकलेला नाही. पण त्याच शर्यतीत आल्प्स पर्वतातल्या गालिबिए घाटाच्या उतारावर चिमटा तिसऱ्यांदा तुटला. पुन्हा पायपीट. आठव्या क्रमांकावर त्यानं शर्यत पूर्ण केली.

त्याच वर्षी पुढे असलेल्या एक्तोर हॉसगेमनं मोडलेली सायकल बदलली म्हणून त्याला तासाभराचा दंड झाला आणि टूर पुन्हा लांबोकडे गेली. म्हणजे या नियमांनी मारलेला क्रिस्तोफ काही एकटा नव्हता. पुढच्या काळात हे नियम हळूहळू सैल झाले. आज सायकलपटूंच्या मागे गाडी असते, गाडीवर जादा सायकली असतात आणि चाक बदलायला काही सेकंद लागतात.

१९२५ साली वयाच्या ४० व्या वर्षी तो शेवटची टूर धावला. एकूण ११ वेळा उतरला आणि ८ वेळा पॅरिसपर्यंत पोहोचला. पुढच्या वर्षी त्यानं शर्यती सोडल्या. पायडलवर पाऊल घट्ट राहावं म्हणून लावायच्या क्लिपा आणि चामड्याचे पट्टे त्याच्या नावानं विकले जायचे. कितीतरी वर्षं जगभरातल्या सायकलपटूंच्या पायाखाली क्रिस्तोफ हेच नाव होतं.

१ फेब्रुवारी १९७० रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, पॅरिसमध्ये तो वारला.

गावानं ठेवलेली आठवण

सेंत-मारी-द-कांपां गावात भट्टीच्या जागी १९५१ साली फलक लावला गेला. म्हातारपणी क्रिस्तोफ स्वतः त्या गावात जाऊन आला. आता तिथे हातात चिमटा उंच धरलेला त्याचा पुतळाही आहे. तूर्माले घाट चढायला जाणारे सायकलवाले तिथे थांबतात.

१९१३ ची टूर कोणी जिंकली हे आज फार थोड्यांना सांगता येतं. थिस मोठा सायकलपटू होता, पुढे आणखी दोनदा जिंकला. पण त्या वर्षाचं नाव काढलं की लोकांना आठवते ती भट्टी, आणि घामाघूम होऊन चिमटा जोडणारा तो माणूस.

चिमटा तुटला यात क्रिस्तोफचा काही दोष नव्हता. सायकल कंपनीची, रस्ता सरकारचा, नियम संयोजकांचा. भोगलं मात्र त्यानं. शेतात, कारखान्यात, रस्त्यावर राबणाऱ्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. बिघाड दुसऱ्याचा असतो आणि भरपाई आपल्याला करावी लागते. अशा वेळी लहानपणी शिकलेली हातातली कलाच क्रिस्तोफच्या कामी आली, आणि हातातलं काम त्यानं अर्ध्यावर टाकलं नाही.

म्हणून घरात पोरं सायकल खोलून बसली तर लगेच ओरडू नका. पाना त्यांच्या हातात राहू द्या. चिमटा कसा बसतो, चाक कसं काढायचं, चेन कशी घट्ट करायची, हे एकदा शिकलेलं वाया जात नाही. क्रिस्तोफला ते डोंगरात, पंचांच्या डोळ्यांसमोर उपयोगी पडलं. आपल्या पोरांना ते कुठे उपयोगी पडेल, कोणी सांगावं?